सुलकाटा कासवाचं पिल्लू, एकोणिसावा मजला: घरात त्याची राहायची सोय कशी करू?

जुईली_वाघबीळ · शुक्रवार, रात्री १०.०५

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

माझा मावसभाऊ गेल्या आठवड्यात कॅनडाला गेला आणि जाताना त्याचं सुलकाटा कासवाचं पिल्लू आमच्याकडे सोपवून गेला. लांबी जेमतेम सहा सेंटिमीटर. त्याच्यासोबत आलेलं सामान: दोन फुटी काचेची फिशटँक, तळाला पांढरी वाळू, वर ६० वॅटचा पिवळा बल्ब आणि एक प्लास्टिकचं ताडाचं झाड (ते कशासाठी, कुणालाच माहीत नाही). खायला काकडी आणि टोमॅटो.

आम्ही घोडबंदर रोडला एकोणिसाव्या मजल्यावर राहतो. गॅलरी काचेने बंद केलेली आहे, सकाळी तिथे छान ऊन येतं म्हणून टँक तिथेच ठेवलीये. पण पिल्लू सारखं काचेला नाक लावून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात चालत असतं. आता पाऊस लागला, त्यामुळे ऊनही गेलं.

बाबा ओळखीच्या सुताराकडून प्लायची पेटी करून घेऊ म्हणतायत. केवढी करायची? वरून उघडी की बंद? वाळू राहू द्यायची का? भाऊ म्हणतो वाळवंटातला प्राणी आहे, जितकं कोरडं तितकं चांगलं. शिवाय एकटं पडेल म्हणून अजून एक आण, असंही सांगून गेलाय.

---

कासवछाप · शुक्रवार, रात्री १०.२२

पेटीचं नंतर बघू. आधी वरून काढलेला एक फोटो टाका. पाठीवर पिवळ्या चांदण्या असतील तर सुताराला नाही, वनखात्याला फोन करायचा आहे. दुकानदार आणि मावसभाऊ दोघंही 'सुलकाटा आहे' म्हणून काहीही हातात ठेवतात.

---

जुईली_वाघबीळ · शुक्रवार, रात्री १०.४१

फोटो टाकलाय. चांदण्या नाहीत. प्रत्येक खवला मध्ये फिकट पिवळसर आणि कडेने तपकिरी आहे, पाय मातकट. भावाकडे खरेदीची पावती आणि नोंदणीचा कागद आहे, त्याच्याच नावावर.

---

रानवाटा · शुक्रवार, रात्री ११.१०

फोटो पाहिला. सुलकाटाच आहे, काळजी नको.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. आपलं चांदणी कासव, म्हणजे स्टार टॉर्टॉइज, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून त्याला वाघाच्या पंगतीला बसवलंय. सायटीसनेही (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) २०१९ मध्ये त्याला परिशिष्ट एकमध्ये घेतलं. घरात पाळणं, विकणं, कुणाला भेट देणं, सगळाच गुन्हा. पावसाळ्यात रस्त्यावर सापडणारी गोड्या पाण्यातली देशी कासवंही घरी आणायची नाहीत. असं काही दिसलं तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६.

सुलकाटा आफ्रिकेतलं, सहाराच्या दक्षिण कडेचं. ते सायटीसच्या परिशिष्ट दोनमध्ये आहे, म्हणून आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतं. पाळता येतं, पण २०२४ च्या नियमांप्रमाणे ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत परिवेश पोर्टलवर मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंद करावी लागते. कागद भावाच्या नावावर आहे आणि कासव तुमच्याकडे, तर हस्तांतराची नोंद आत्ताच करून टाका. तो परदेशात रुळला की सही मिळवताना नाकी नऊ येतील.

तुमचं पिल्लू बंदिस्त पैदाशीतलंच असणार. रानातून पकडून विकण्यासाठी सुलकाटाचा निर्यात कोटा २००० सालापासून शून्य आहे.

---

अण्णा_ऐरोली · शनिवार, सकाळी ७.५०

जुईलीताई, माझ्याकडे गेली बरीच वर्षं सुलकाटा आणि लालपायी (रेड-फुटेड) अशी दोन्ही कासवं आहेत. जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

वाळू आजच काढा. पिल्लं खाण्याबरोबर ती गिळतात आणि आतडी तुंबतात. वर्तमानपत्रही नको, त्यावर पाय घसरून पाय फाकतात. लाकडाचा भुसाही नको. पाइन-देवदारचा तर मुळीच नको, त्याच्या वासाच्या तेलाचा श्वासाला त्रास होतो. घोडबंदरला नर्सऱ्यांची रांग आहे, तिथून कोकोपीटची वीट आणा. खत मिसळलेलं नको, निंबोळी पेंड मिसळलेलं नको, नुसतं. बादलीत भिजवून दोन-तीनदा धुवा, त्यात मीठ असतं. पिळून दोन-तीन इंचांचा थर द्या. पिल्लाला त्यात अंग पुरून झोपता आलं पाहिजे.

आता भावाच्या 'कोरडं ठेव'बद्दल. हा सल्ला वर्षानुवर्षं जगभर दिला गेला आणि त्यातूनच पाठीवर उंचवटे आलेली कासवं तयार झाली. प्रत्येक खवला पिरॅमिडसारखा वर येतो. मोठेपणी तो खाली बसत नाही. आधी सगळे म्हणायचे की प्रथिनं जास्त झाली की असं होतं. २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी सुलकाटाच्याच पिल्लांना वेगवेगळ्या दमटपणात आणि वेगवेगळ्या आहारावर वाढवून पाहिलं. कोरड्या हवेतल्यांच्या पाठी उंचवट्यांच्या, दमट हवेतल्यांच्या गुळगुळीत. प्रथिनांचा फरक त्यापुढे किरकोळ निघाला. आणि विचार केला तर सरळ आहे. साहेलमध्ये, म्हणजे सहाराच्या त्या दक्षिण कडेला, वर रखरखाट असला तरी ही कासवं जमिनीत खोल बिळं करून राहतात, आणि बिळातली हवा दमट असते. पिल्लू आयुष्याची सुरुवात उन्हात नाही, बिळात काढतं.

तेव्हा तुम्हाला करायचंय ते बीळ. ८० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता, आणि सोबत ऊब. ऊब विसरायची नाही. दमट आणि गरम चालतं, कोरडं आणि गरम पाठ बिघडवतं, दमट आणि गार झालं की थेट न्यूमोनिया.

आकडे लिहून ठेवा. बल्बखालच्या दगडावर ३५ ते ३८ अंश. दुसऱ्या टोकाला २६-२८. रात्री कुठेही २६ च्या खाली नाही. पेटीला दोन टोकं हवीत ती यासाठीच. कासवाचं अंग स्वतः तापत नाही, ते चालत जाऊन गरम-गार होतं. दोन फुटी टँकमध्ये एक बल्ब लावला की सगळंच एकसारखं शिजतं, जाणार कुठे?

काचेला नाक लावून फिरतं कारण त्याला काच कळत नाही. पलीकडे वाट दिसतेय, मग जाता का येत नाही, एवढंच त्याच्या डोक्यात. भिंती अपारदर्शक झाल्या की थांबेल. टँक तोवर वापरायचीच असेल तर बाहेरून चार बाजूंना ब्राऊन पेपर चिकटवा.

आणि दुसरं आणू नका. कासवांना सोबत लागत नाही. दोघांत एक दुसऱ्याला खाण्यावरून आणि उबेवरून हुसकावतं. मारामारी दिसत नाही, नुसतं एकाचं वजन वाढत नाही.

---

फटकळ_मावशी · शनिवार, सकाळी ९.१५

अहो, आमच्या वाईच्या वाड्यात कासव होतं. विहिरीतही होतं, परसातही फिरायचं. ना बल्ब ना आर्द्रता मोजायचं यंत्र. शिळी भाकरी खायचं. आमच्या आजेसासूबाईंपासून होतं म्हणे. तुम्ही लोक एका मुठीएवढ्या जिवासाठी पॉवर स्टेशन उभं करताय!

---

अण्णा_ऐरोली · शनिवार, सकाळी ९.३२

मावशी, वाड्यातलं कासव इथलंच, पाण्यातलं, आणि पूर्ण वाढलेलं होतं. त्याला परस होतं, डोक्यावर ऊन होतं, चिखल होता, गांडुळं-किडे होते. भाकरी त्याचा नाश्ता, जेवण ते स्वतः शोधत होतं. वाघबीळच्या एकोणिसाव्या मजल्यावर यातलं काय आहे सांगा. जे नाही ते विजेवर आणावं लागतं.

---

फटकळ_मावशी · शनिवार, सकाळी ९.४०

बरं. पण काकडी-टोमॅटो काढायला सांगा आधी. हे मला पण कळतंय.

---

पशुवैद्य_कोपरी · शनिवार, दुपारी १.०५

दवाखाना आटोपून लिहितोय. अण्णांनी उष्णता आणि दमटपणाचं नीट सांगितलंय. राहिलेली गोष्ट अतिनील किरणांची, आणि माझ्याकडे येणारी बहुतेक घरातली कासवं त्यापायीच येतात.

काचेतून येणारं ऊन दिसायला ऊन असतं, पण त्यातले यूव्हीबी प्रकारचे अतिनील किरण खिडकीच्या काचेत अडकतात. म्हणजे तुमच्या बंद गॅलरीत पिल्लाला फक्त ताप मिळतोय. यूव्हीबीशिवाय त्वचेत ड जीवनसत्त्व बनत नाही, ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. मग शरीर हाडांतून आणि कवचातून कॅल्शियम काढतं. कवच दाबलं तर दबतं, पाय ओढत चालतं, जबडा मऊ पडतो. अगदी लहान पिल्लाचं कवच थोडं लवचीक असतंच, पण ते महिन्यागणिक घट्ट होत गेलं पाहिजे.

उपाय: टी-५ प्रकारची यूव्हीबी ट्यूब, डब्यावर १०.० किंवा १२ टक्के लिहिलेली. पिळाचे छोटे सीएफएलसारखे यूव्हीबी बल्ब घेऊ नका. त्यांचे किरण एकाच जागी पडतात, काहींनी डोळे सुजतात. ट्यूब पिल्लाच्या पाठीपासून दीड फुटाच्या आसपास, मध्ये काच किंवा ॲक्रिलिक नको. बारीक जाळीसुद्धा बरेच किरण खाते. दिवसाला १२ तास. आणि वर्षभराने ट्यूब बदलायची, जळत असली तरी. उजेड येत राहतो पण यूव्हीबी घटलेलं असतं, आणि ते डोळ्यांना कळत नाही. बसवल्याची तारीख ट्यूबच्या टोकावर मार्करने लिहा.

रोज सकाळी कोमट पाण्यात वीसेक मिनिटं बसवा. पाणी वरचं आणि खालचं कवच जिथे जुळतं तिथपर्यंत, मान सहज वर राहील एवढंच. पिल्लं पाणी पितात ती मुख्यतः तेव्हाच. शी-शूही तिथेच उरकते, पेटी स्वच्छ राहते. शूसोबत पांढरं पातळ काही आलं तर ठीक, वाळूसारखं खरखरीत आलं तर पाणी कमी पडतंय.

आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. हळूहळू वाढत गेलं पाहिजे. नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, सुजून मिटलेले डोळे यांपैकी काहीही दिसलं तर वाट बघू नका. सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर आधीच शोधून ठेवा, कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर हे काम करत नाहीत. आपल्या बाजूला कुणी नाही सापडलं तर मुंबईत परळचं जनावरांचं हॉस्पिटल.

आणि घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर हाताळल्यावर साबणाने हात धुणं सक्तीचं. कासवांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे ती त्याचसाठी, पोरं ती तोंडात घालायची. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये त्याची आंघोळ नको, त्याचं घमेलं वेगळं ठेवा.

---

रंधा · शनिवार, दुपारी ३.३०

सुतारकामाचा विषय निघाला म्हणून आलो. (कासवातलं मला ओ की ठो कळत नाही.)

प्लायची शीट आठ बाय चार फुटांची येते. एका शीटमध्ये चार फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच पेटी बसते. शीट मधोमध कापा, चार बाय चारचे दोन तुकडे. पहिल्यातून तळ (४×२) आणि एक लांब बाजू (४×१.५). दुसऱ्यातून दुसरी लांब बाजू, आणि उरलेल्यातून दोन आखूड बाजू (२×१.५). शेवटी चार फुटी दोन पट्ट्या उरतात, एक फुटाभराची आणि एक अर्ध्या फुटाची. त्या वरून झाकायला. दोन्ही ठेवल्या तरी अर्ध्या फुटाची फट राहते, ती हवेला.

पण ८० टक्के आर्द्रता आणि ओलं कोकोपीट म्हणताय, तर साधा कमर्शियल प्लाय वर्षात फुगेल. एक तर मरीन प्लाय घ्या आणि आतून सनमायका लावून कोपरे सिलिकॉनने भरा, नाहीतर हल्ली मॉड्युलर किचनला वापरतात तो पीव्हीसी फोम बोर्ड घ्या. तो पाण्याला दाद देत नाही आणि हलका असतो. फक्त स्क्रू प्लायइतका धरत नाही, म्हणून कोपऱ्यांना ॲल्युमिनियमचे अँगल मारा. आणि उष्णतेने तो मऊ पडतो, बल्ब त्याला टेकवू नका. वर आडवा लोखंडी पाइप टाकून त्यावरून होल्डर लोंबकळू द्या.

व्हार्निश, फ्रेंच पॉलिश काही नको. सिलिकॉन आणि फेव्हिकॉल पूर्ण सुकून वास जाईपर्यंत पिल्लू आत ठेवू नका. सुतार म्हणेल 'उद्याच वापरा', त्याचं ऐकू नका.

---

जुईली_वाघबीळ · शनिवार, रात्री ९.००

बापरे. सगळ्यांचे मनापासून आभार. वाळू काढली, कोकोपीट आणलं, टँकला ब्राऊन पेपर लावला. फिरणं खरंच कमी झालं!

फोम बोर्डवर बाबांनी शिक्कामोर्तब केलंय. रंधा, तुमचं कटिंग सुताराला व्हॉट्सॲप केलं, तो म्हणाला 'हे कोणी इंजिनीअरने काढलंय का?'

तीन शंका. एक, पेटी वरून बंद करायची तर पाणी सुटून बुरशी नाही येणार? आधीच ठाण्यात कपड्यांना येतेय. दोन, रात्री काय लावायचं? तीन, खायला नक्की काय?

---

अण्णा_ऐरोली · शनिवार, रात्री १०.१५

बुरशी: इथल्या हवेतच जूनपासून आर्द्रता भरपूर असते, म्हणून पावसाळ्यात पाणी शिंपडत बसू नका. कोपऱ्यांतून ओता, म्हणजे खालचा थर ओला आणि वरचा नुसता गार-ओलसर राहील. पोटाखाली सतत चिखल झाला तर खालच्या कवचाला इजा होते. उरलेलं खाणं संध्याकाळी काढायचं, बुरशी बहुतेक तिथूनच सुरू होते. थोडी पांढरी बुरशी दिसली तर तेवढं कोकोपीट उचलून टाका, घाबरायचं काम नाही. झाकणाची फट पावसाळ्यात मोठी ठेवा, डिसेंबर-जानेवारीत अगदी बारीक.

आपल्याकडे खरी पंचाईत एसीची. बेडरूममध्ये २४ वर एसी लावला की हवा कोरडीही होते आणि गारही, दोन्ही नको तेच. पेटी बिनएसीच्या खोलीत ठेवा. हॉलमध्ये असेल तर एसीच्या झोताखाली नको. मच्छर अगरबत्तीही त्या खोलीत लावू नका, धूपही नको. बंद पेटीत धूर साठतो.

रात्री: सिरॅमिक हीटर, जो बल्बच्या होल्डरमध्ये बसतो पण उजेड देत नाही. होल्डर चिनी मातीचाच हवा, प्लास्टिकचा वितळतो. थर्मोस्टॅटवर (ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप चालू-बंद करतो तो) २७ ला लावून द्या. ठाण्यात वर्षातले बरेच महिने तो रात्री चालूसुद्धा होणार नाही, थंडीत लागतो. लाल बल्ब रात्रभर ठेवू नका, त्याला काळोख हवा. आणि खालून तापणारे पॅड, गरम होणारे नकली दगड घेऊ नका. कासवाला उष्णता वरून येते हेच ठाऊक. पोट भाजलं तरी हलत नाही.

दुकानातला गोल काट्याचा थर्मामीटर भिंतीला चिकटवून काही कळत नाही. डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता आणि तापमान दाखवणारे) दोन घ्या, दोन्ही टोकांना जमिनीलगत. दगडाचं तापमान इन्फ्रारेड गनने. कोविडात कपाळावर धरायला घेतलेली बहुतेक चालत नाही, तिची धाव अंगाच्या तापापुरती. एसीवाल्यांकडे असते ती.

पेटीत आत: गरम टोकाला एक सपाट दगड किंवा कडप्प्याचा तुकडा. गार टोकाला लपायला आडवं ठेवलेलं अर्धं मडकं, त्यात कोकोपीट जरा जास्त ओलं. पाण्याला मातीचा उथळ परळ, काठ इतका बुटका की पिल्लू आपणहून आत जाईल आणि बाहेर येईल. चढून उलटं पडेल असं काही ठेवू नका. बल्बखाली उलटं पडलेलं पिल्लू तासा-दोन तासांत जातं. स्पायडर प्लांटची कुंडी ठेवलीत तर चालेल, खाल्लं तरी अपाय नाही. ताडाचं झाड मला पाठवा, नातवाला देतो.

---

सीवूड्सची_सई · रविवार, सकाळी ८.२०

खाण्याचं मी सांगते, आमच्याकडे तेच काम माझ्याकडे आहे.

याचं मुख्य अन्न गवत. पिल्लाला कोवळं लागतं, आणि आपल्याकडे त्यासाठी सगळ्यात सोपी म्हणजे दूर्वा. बारीक चिरून. सोबत जास्वंदीची पानं आणि फुलं, तुतीची पानं, शेवग्याचा पाला थोडा, काटे काढून फड्या निवडुंग. मंडईतल्या भाज्यांपेक्षा कुंडीतलं बरं, फवारणी नसते. पालक, चुका, राजगिरा नेहमी नको, त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम बांधलं जातं. फळं नकोत. पोळी, भात, कुत्र्याचं खाणं तर नकोच.

कॅल्शियमला समुद्रफेन. आयुर्वेदिक काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, नाहीतर म्हाकुळं विकणाऱ्या मावशींना सांगून ठेवा, त्या हाड बाजूला काढून देतात. स्वच्छ धुऊन, उकळून, वाळवून एक तुकडा पेटीत ठेवून द्या. आणि आठवड्यातून दोन-तीनदा किसून चिमूटभर पानांवर.

एक महत्त्वाचं. भाद्रपदात घरात दूर्वांसोबत पत्री येते आणि कुणीतरी प्रेमाने उरलेली पत्री कासवाला घालतं. एकवीस पत्रींत धोत्रा आहे, कण्हेर आहे, रुई आहे. तिन्ही विषारी. दूर्वा निवडून घ्या, बाकी निर्माल्यात. घरातल्या कुंड्यांपैकी मनी प्लांट, अळू, डिफेनबाखिया, सदाफुली यांपासूनही लांब ठेवा.

---

फटकळ_मावशी · रविवार, सकाळी ८.५५

सई, हे पत्रीचं बरं सांगितलंस. आमच्याकडे ती गाईला घालायचे, तीही निवडूनच.

---

खारघरी_बिबट्या · रविवार, सकाळी ११.४०

सगळे पेटीचं बोलताय, कुणी पुढचं बोलत नाहीये. सुलकाटा जगातल्या सगळ्यात मोठ्या जमिनीवरच्या कासवांपैकी आहे. गालापागोस आणि अल्डाब्राच्या खालोखाल. नर ४०-५० किलो सहज होतात, काही त्याहूनही मोठे. आयुष्य सत्तर वर्षांच्या पुढे. टू बीएचकेमध्ये हे कसं जमवणार? आज चार बाय दोनची पेटी बनवा, दोन-तीन वर्षांत ती अपुरी पडेल. मग एक दिवस तलावपाळीला नेऊन सोडाल, जशी लोक लाल कानांची कासवं सोडतात.

---

रानवाटा · रविवार, दुपारी १२.१०

बोचरं आहे पण प्रश्न रास्त आहे. तलावात सोडलं तर सुलकाटा बुडून मरेल, त्याला पोहता येत नाही. येऊरला सोडलं तर पहिल्या पावसाळ्यात आजारी पडेल, आणि आजार तिथल्या जंगलाला देईल. परदेशी प्राणी बाहेर सोडणं कुठल्याही अर्थाने दया नाही.

जुईली, आज निर्णय घ्यायची गरज नाही, पण कर्जत-शहापूरकडे कुणाची जमीन, कुंपण आणि माणूस असेल तर आतापासून बोलून ठेवा. द्यायचं ठरलंच तर नोंदणीसकट.

---

जुईली_वाघबीळ · रविवार, दुपारी १.००

@खारघरी_बिबट्या, प्रश्न योग्य आहे. काकांचं मुरबाडला घर आहे, आवार मोठं आहे. त्यांच्याशी काल रात्रीच बोलणं झालं. ते म्हणाले, 'दहा किलोचं झालं की आण, तोवर तुझं.' लेखी घेऊ का? :)

---

रंधा · रविवार, दुपारी १.०८

घ्या. काका लोक दहाव्या किलोला विसरतात.

---

जुईली_वाघबीळ · पुढच्या शनिवारी, सकाळी १०.३०

पेटी झाली! वास जाईपर्यंत गॅलरीत उघडी ठेवली होती, काल रात्री पिल्लू आत गेलं. गरम दगड ३६, गार टोक २८, आर्द्रता ८३, रात्री २७. ट्यूबवर तारीख लिहिली. वजन ४८ ग्रॅम. हस्तांतराचा अर्जही भरला.

पण ते दिवसभर मडक्यातच बसून आहे. सकाळी बाहेर येऊन दूर्वा खाल्ल्या, थोडा वेळ दगडावर बसलं आणि परत आत. आधी टँकमध्ये किती फिरायचं! आजारी नसेल ना?

आणि पाऊस उघडला की खाली सोसायटीच्या लॉनवर नेऊ का? खरं ऊन मिळेल.

---

अण्णा_ऐरोली · शनिवार, सकाळी ११.१५

आकडे उत्तम. आधीचं फिरणं आनंदाचं नव्हतं, आता लपायला जागा मिळाली म्हणून लपतंय. रानातलं पिल्लू असंच जगतं. खातंय, शी करतंय, वजन वाढतंय, एवढं बघा. खाणं मडक्याच्या तोंडाशी ठेवा.

थर्मोस्टॅटचा सेन्सर कुठे लावलाय ते बघा. तो दगडाजवळ नको, गार टोकाला कासवाच्या उंचीवर हवा. नाहीतर गरम बाजू बरोबर दिसेल आणि दुसरीकडे रात्री पारा उतरेल.

---

पशुवैद्य_कोपरी · शनिवार, दुपारी २.३०

लॉनवर न्यायला हरकत नाही, पण आधी सोसायटीच्या माळ्याला विचारा शेवटचं औषध कधी मारलं. तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेलं असेल तर ते गवत पोटात जाऊ द्यायचं नाही. खाली नेताना उथळ क्रेट न्या, अर्ध्या भागावर सावली. उघड्या उन्हात पिल्लू फार लवकर तापतं. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं पुरे. आणि फोनवर बोलत बसू नका, नजर हटवायची नाही. घोडबंदरला कावळे आणि घारी दोन्ही भरपूर आहेत, ४८ ग्रॅम त्यांना जड नाही.

---

जुईली_वाघबीळ · शनिवार, दुपारी २.५२

माळीकाकांना विचारलं. गेल्या सोमवारीच फवारणी झाली. म्हणजे लॉन बाद. गच्चीवर क्रेट नेते, वरून जाळी बांधून.